जिन्यावरचा दम आणि हातातला रिपोर्ट

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

गेल्या अंकात नियमित व्यायामाविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा आहे : व्यायाम सुरू करायचा आहे, पण आपले शरीर त्यासाठी तयार आहे की नाही हे कसे ओळखावे? त्यांतील पाच पत्रे येथे संक्षेपाने आणि नावे गाळून देत आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त गेली आहे. त्या वाचकाला अंक छापून हाती पडेपर्यंत ताटकळत ठेवणे योग्य नव्हते, म्हणून उत्तराचा गाभा त्यांना पत्र वाचले त्याच दिवशी फोनवरून सांगितला. तरीही तो येथे सविस्तर देतो आहे, कारण त्यांच्यासारखी माणसे रोज सकाळी शेकड्यांनी रेल्वेचे पूल धावत चढत असतात.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. मी मुलुंडला राहतो आणि फोर्टमधील एका बँकेत नोकरीला आहे. कॉलेजात असताना कबड्डी खेळत असे, पण त्यानंतर वीस-बावीस वर्षांत व्यायाम म्हणावा असा काही केलेला नाही. कार्यालयातील चौघांनी मिळून जानेवारीत मॅरेथॉनच्या दिवशी होणाऱ्या दहा किलोमीटरच्या धावेत उतरायचे ठरवले आहे. वार्षिक तपासणीत ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल असे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आहेत. वडिलांना ५२व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. गाडी पकडण्यासाठी पूल धावत चढलो की छातीत थोडे आवळल्यासारखे होते, पण थांबलो की दोन मिनिटांत थांबते. ॲसिडिटीचा त्रास मला जुनाच आहे. येत्या सोमवारपासून रोज पाच किलोमीटर धावायला सुरुवात केली तर चालेल का?

उत्तर : नाही, सोमवारपासून धावू नका. सोमवारच्या आधीच डॉक्टरांना भेटा आणि तोपर्यंत पूलही सावकाश चढा. एक गाडी चुकली तर चुकू द्या.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही अगदी शेवटी, ॲसिडिटीच्या खाती टाकून लिहिले आहे. पित्ताची जळजळ बहुधा जेवणाशी, तिखट-तेलकटाशी किंवा जेवून लगेच आडवे होण्याशी जोडलेली असते. श्रम केले की येणारी आणि थांबले की काही मिनिटांत ओसरणारी छातीतील आवळ ही वेगळी गोष्ट आहे. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी अरुंद झाल्याची ती खूण असू शकते, आणि तसे नाही हे तपासणीतून स्पष्ट होईपर्यंत ती तशीच आहे असे धरून चालावे लागते. वडिलांना ५५व्या वर्षाच्या आत झटका आलेला असणे आणि तुमचे स्वतःचे वय, या दोन्ही गोष्टी ही शंका वाढवणाऱ्याच आहेत. आपल्याकडे, म्हणजे भारत आणि शेजारच्या देशांत, पहिला झटका येण्याचे सरासरी वय इतर जगाच्या तुलनेत पाच-सहा वर्षांनी अलीकडे आहे, हे बावन्न देशांतील रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासातून दिसून आले आहे.

मग ईसीजी नॉर्मल कसा आला, असे तुम्ही विचाराल. ज्यांनी चाळीत दिवस काढले आहेत त्यांना हे सहज समजेल. दुपारी बाराला वरच्या मजल्यावरचा नळ सोडला तर पाणी नीट येते आणि पाइपात काही अडकले आहे असे वाटत नाही. सकाळी सहाला सगळ्या बिऱ्हाडांनी एकदम नळ सोडले की त्याच नळाची धार करंगळीएवढी होते. पलंगावर स्वस्थ पडून काढलेला ईसीजी हा दुपारी बाराचा नळ आहे. हृदयाला त्या वेळी रक्त कमी लागते, आणि ते अरुंद वाहिनीतूनही पोहोचते. पूल धावत चढताना हृदयाची मागणी कित्येक पटींनी वाढते, आणि कमतरता असलीच तर ती तेव्हा उघडी पडते. वार्षिक तपासणीत तुमचे रक्त घेतले, छातीला तारा लावल्या, पण पूल चढताना तुम्हाला काय होते हे बहुधा कोणी विचारले नाही, आणि तुम्हीही आपण होऊन सांगितले नाही. माझ्या अनुभवात बहुतेक चुका इथेच होतात. रिपोर्टची फाईल जाड असते, आणि जे एक वाक्य डॉक्टरांच्या कानावर जायला हवे होते ते घरीच राहते.

डॉक्टरांना सांगताना 'थोडे आवळते' एवढ्यावर थांबू नका. किती पायऱ्यांनंतर आवळते, छातीच्या मध्यभागी की एका बाजूला, हात, जबडा किंवा पाठीकडे जाते का, घाम फुटतो का, गेल्या दोन-तीन महिन्यांत ते कमी श्रमात होऊ लागले आहे का, हे सर्व कागदावर लिहून न्या. ते बहुधा ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, टू-डी इको किंवा गरजेप्रमाणे पुढची तपासणी सुचवतील. कोणती आणि कोणत्या क्रमाने, हे त्यांना ठरवू द्या, आणि लक्षण असताना परस्पर लॅबमध्ये जाऊन स्ट्रेस टेस्ट करून घेऊ नका. दरम्यान ही आवळ बसल्या जागी आली, थांबूनही ओसरली नाही, किंवा तिच्यासोबत घाम, मळमळ अथवा धाप असली तर रिक्षा शोधत बसू नये आणि अंगावर काढू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तपासणीत काही निघाले नाही तरी सोमवारपासून एकदम पाच किलोमीटर हा बेत चुकीचाच आहे. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना झटक्यापूर्वीच्या तासाभरात ते काय करत होते हे विचारण्यात आले. दमछाक करणाऱ्या श्रमांच्या वेळी आणि त्यानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता एरवीपेक्षा वाढते, असे त्यात दिसले. पण ही वाढ सर्वांसाठी सारखी नव्हती : आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा असे श्रम करणाऱ्यांत ती सुमारे अडीच पट होती, तर आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांत शंभर पटींहून अधिक. त्या एका तासापुरती मूळ शक्यता अतिशय लहान असते, म्हणून या आकड्याने व्यायामाची भीती घेऊ नये. त्यातून घ्यायचे ते हे की बसून असलेल्या शरीरावर अचानक टाकलेला भार धोक्याचा असतो, आणि त्या धोक्यावरचा उपायही हळूहळू अंगवळणी पाडलेला व्यायाम हाच आहे.

म्हणूनच सुरुवातीपूर्वीचा अंदाज घेताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. आज तुम्ही प्रत्यक्षात किती हालचाल करता, हृदयाचा, मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाचा काही आजार अथवा त्याची लक्षणे आहेत का, आणि तुम्हाला किती जोराचा व्यायाम करायचा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २०१५ साली आपली पद्धत बदलून याच तीन गोष्टींवर भर दिला. कबड्डीचे दिवस या हिशेबात धरता येत नाहीत. स्नायूंना ते आठवत असतील, पण रक्तवाहिन्यांचे वय आजचेच असते.

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यानंतर पहिले तीन-चार आठवडे सपाट रस्त्यावर चाला, सुरुवातीला वीस मिनिटे आणि मग वाढवत जाऊन चाळीस. वेग असा असावा की सोबत्याशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. त्यानंतर चालण्यात एकेक मिनिटाचे धावणे मिसळा. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो आणि माणसाला वाटते की आता जमले, पण घोट्यामागची शीर आणि गुडघ्याभोवतीचे बंध भार सोसायला तयार व्हायला काही महिने घेतात. नवशिके बहुधा याच टप्प्यावर लंगडत परत येतात. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही, म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात पहिले दहा-पंधरा दिवस वेग आणखी कमी ठेवावा. या हिशेबाने येता जानेवारी तुमच्या हाताला लागणार नाही. त्या सकाळी मित्रांना पाणी द्यायला उभे राहा आणि त्यापुढच्या जानेवारीत धावा.

प्रश्न : मी ५८ वर्षांची गृहिणी असून गिरगावात राहते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. मुलीने घेऊन दिलेले घड्याळ सांगते की चालताना नाडी ११५च्या वर गेली पाहिजे, पण चौपाटीवर कितीही भराभर चालले तरी ती ९५च्या पुढे जात नाही. माझा व्यायाम होतच नाही का? शिवाय गुडघे कुरकुरतात, म्हणून सोसायटीच्या जिममध्ये जावे की नाही हेही ठरत नाही.

उत्तर : तुमचा व्यायाम होतो आहे. नाडी वाढत नाही, कारण ती वाढू नये हेच मेटोप्रोलोलचे काम आहे. घड्याळातील आकडा बहुधा २२०मधून वय वजा करून काढलेला असतो. ते सूत्र निरोगी माणसांतही दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे होते, आणि या गटातील गोळ्या घेणाऱ्यांना तर ते लागूच पडत नाही. त्या आकड्याच्या मागे लागून जीव दमवू नका, आणि मनाने गोळी बंद करण्याचा विचारही आणू नका, कारण ती अचानक थांबवणे धोक्याचे असते. तुमच्यासाठी खरे मोजमाप तुमचा श्वास आहे. चालता चालता मैत्रिणीला कालची हकिकत पूर्ण वाक्यांत सांगता यावी, पण भजन म्हणायला गेलात तर मध्येच श्वास घ्यावा लागावा, एवढा वेग पुरेसा आहे.

तुमच्या बाबतीत नाडीपेक्षा मला काळजी ग्लिमेपिराइडची वाटते. ही गोळी साखर खाली आणतेच, आणि चालण्यानेही ती उतरते. नुसत्या चहावर सकाळी तासभर चालणाऱ्या स्त्रिया घरी येऊन थरथरतात, घामाघूम होतात आणि 'अशक्तपणा आला' म्हणून झोपून राहतात. साखर फार उतरल्याचे ते लक्षण असते. पहिले दोन आठवडे चालायला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर साखर मोजा. निघताना ती ९०च्या खाली असेल तर एखादे केळे किंवा दोन-तीन बिस्किटे खाऊन थोड्या वेळाने निघा. २५०च्या वर असून अंगात बरे वाटत नसेल तर त्या दिवशी विश्रांती घ्या. रुमालाच्या पुरचुंडीत साखर किंवा ग्लुकोजची पूड सोबत असू द्या. मेटोप्रोलोलमुळे साखर उतरल्यावर होणारी धडधड तुम्हाला जाणवणार नाही, मात्र घाम येतो, म्हणून विनाकारण फुटलेल्या घामाकडे दुर्लक्ष करू नका. मोजलेले आकडे डॉक्टरांना दाखवा; व्यायाम नियमित झाला की गोळीची मात्रा कमी करावी लागते, असे अनेकदा घडते.

जिममध्ये नाव घालण्यापूर्वी दोन तपासण्या मात्र करून घ्या. एक डोळ्यांच्या मागच्या पडद्याची, कारण मधुमेहाने तेथील वाहिन्या नाजूक झाल्या असतील तर श्वास रोखून वजन उचलणे किंवा डोके खाली घालून करायची आसने यांनी रक्तस्राव होऊ शकतो. दुसरी पावलांची. तळव्यांना स्पर्श नीट समजतो का हे डॉक्टरांकडून पाहून घ्या, आणि घरी रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघा. चौपाटीच्या वाळूत अनवाणी चालू नका.

गुडघ्यांसाठी घरातली एक साधी चाचणी आहे. हात नसलेली, टणक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हातांची घडी छातीशी घाला आणि घड्याळ लावून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. साठीच्या सुरुवातीच्या स्त्रीला बारापेक्षा कमी वेळा जमले तर मांड्यांची ताकद कमी आहे असे समजतात. माझ्या दवाखान्यात ही चाचणी करताना बहुतेक जणी सातव्या-आठव्या वेळेला नकळत घडी सोडून गुडघ्यावर हात टेकतात, आणि तेव्हा त्यांच्याच लक्षात येते की दुखणे जरी गुडघ्याचे असले तरी कमजोरी मांडीची आहे. तुमचा आकडा कमी आला तर जिम टाळण्याऐवजी त्याच कारणासाठी जिममध्ये जा, पण पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : माझ्या २२ वर्षांच्या मुलाने चेंबूरमध्ये जिम लावली आहे. तेथे सात प्रश्नांचा एक फॉर्म दिला होता, तो त्याने न वाचता सगळीकडे 'नाही'वर खूण करून दिला. एवढ्या तरुण मुलाला त्याची गरज असते का, की ती केवळ औपचारिकता असते?

उत्तर : त्या फॉर्मचा मूळ नमुना कॅनडात १९७०च्या दशकात तयार झाला, आणि आज जगभर त्याची निरनिराळी रूपे वापरली जातात. डॉक्टरांनी कधी हृदयविकार सांगितला आहे का, श्रम करताना किंवा एरवी छातीत दुखते का, चक्कर येऊन तोल जातो किंवा शुद्ध हरपते का, हाडांचा-सांध्यांचा काही त्रास व्यायामाने वाढतो का, रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू आहेत का, आणि व्यायाम करू नये असे आणखी काही कारण आहे का, एवढेच त्यात विचारलेले असते. सर्व उत्तरे खरोखर 'नाही' असतील तर बहुतेकांना कोणत्याही तपासणीवाचून हळूहळू सुरुवात करता येते. एका जरी ठिकाणी 'हो' आले तर आधी डॉक्टर.

तरुणांत व्यायाम करताना जीव जाण्याच्या घटना फार विरळ असतात, आणि त्यांच्या मुळाशी बहुधा जन्मजात किंवा अनुवंशिक दोष असतो, उदाहरणार्थ हृदयाचा स्नायू अवाजवी जाड असणे. अशा दोषाचा माग घरच्या इतिहासातून लागतो, आणि तो इतिहास मुलाला ठाऊक नसतो; तो तुम्हाला ठाऊक असतो. म्हणून तो फॉर्म पुन्हा मागवून दोघांनी शेजारी बसून भरा. माहेरी किंवा सासरी कोणी पन्नाशीच्या आत अचानक, झोपेत किंवा पोहताना गेले आहे का? मुलगा शाळेत खेळता खेळता कधी बेशुद्ध पडला होता का? उन्हात प्रार्थनेला उभे असताना आलेली भोवळ वेगळी आणि धावताना शुद्ध हरपणे वेगळे, हा फरक नीट आठवा. यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय त्याने पुन्हा जिमची पायरी चढू नये.

त्याला आणखी दोन गोष्टी सांगून ठेवा. ताप असताना व्यायाम करायचा नाही आणि उतरल्यावरही अशक्तपणा पूर्ण जाईपर्यंत थांबायचे. पहिल्याच आठवड्यात ट्रेनरने जीव तोडून बैठका मारून घेतल्या आणि नंतर स्नायू सुजून लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचे. स्नायू मोडून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडात उतरल्याची ती खूण असते.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून बेस्टमध्ये बसचालक आहे. पाळीभर बसून काम, वजन वाढलेले, कंबर दुखते. आमचे काम कष्टाचेच आहे, मग वेगळा व्यायाम हवा का? आणि कंबर दुखत असताना तो सुरू करावा का?

उत्तर : तुमच्या कामाचा या विषयाशी जुना संबंध आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी केली आणि ती १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दोघे एकाच गाडीवर, एकाच गर्दीत काम करणारे; पण वाहक पाळीभर जिना चढउतार करत आणि चालक बसून असत. हृदयविकार वाहकांत कमी आढळला, आणि झाला तरी उशिरा व सौम्य. मुंबईच्या रहदारीत बस हाकणे कष्टाचे आहे यात शंकाच नाही, पण ते कष्ट मनाचे आणि पाठीचे आहेत, हृदयाला त्यातून व्यायाम मिळत नाही. तेव्हा वेगळा व्यायाम हवाच.

कंबरदुखीबाबत आधी हे पाहा : दुखणे पायात खालपर्यंत उतरते का, पाय बधिर किंवा लुळा वाटतो का, लघवी-शौचावरचा ताबा कमी झाला आहे का, ताप किंवा विनाकारण वजन घटणे आहे का. यांतील काहीही असेल तर आधी डॉक्टर. ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी. हे काहीच नसेल तर आराम करत राहिल्याने दुखणे रेंगाळते आणि चालण्याने सुधारते. सुरुवातीपूर्वी महापालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, आणि कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर टेपने मोजा. आपल्याकडील पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात. रक्तदाब १८०/११०च्या वर निघाला तर व्यायाम थांबवून आधी उपचार घ्यावे लागतील. रात्रपाळी करून आलेल्या दिवशी झोप पुरी करा आणि व्यायाम संध्याकाळी ठेवा.

प्रश्न : वय ७१. गेली तीस वर्षे रोज सकाळी शिवाजी पार्कला कट्ट्याच्या कडेने चार फेऱ्या मारतो. काही त्रास नाही. मुले म्हणतात, या वयात आधी सगळ्या तपासण्या करा आणि मगच चाला. चालणे थांबवावे का?

उत्तर : थांबवू नका. जो व्यायाम तीस वर्षे सलग, त्रासाशिवाय चालू आहे तो चालू ठेवण्यासाठी हृदयाच्या तपासणीची अट घालण्याचे कारण नाही. नेहमीच्या चार फेऱ्यांना एकाएकी जास्त वेळ लागू लागला, तिसऱ्या फेरीला पोटऱ्या भरून येऊन थांबावे लागू लागले किंवा पूर्वी नसलेली धाप लागू लागली, तर मात्र दाखवावे. मुलांच्या काळजीला मान द्यायचा असेल तर त्यांना तुमचा तोल तपासायला सांगा, कारण सत्तरीनंतर नुसते चालणे पुरत नाही. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. चौथी फेरी झाली की कट्ट्याला बोटे टेकवून एका पायावर दहा सेकंद उभे राहा, मग दुसऱ्या पायावर. मुलगा शेजारी असेल त्या दिवशी बोटे उचलून पाहा.